एलिट डेंजरस: ‘हाय’ दाखवणारे लघुग्रह निकामी का निघतात?

धूमकेतू_७
मी गेले दोन आठवडे ‘एलिट डेंजरस’ या अवकाशातील संगणकीय खेळात, ग्रहाभोवतीच्या मेटॅलिक (धातूयुक्त) कड्यामध्ये प्लॅटिनमचे खाणकाम करीत आहे. पल्स वेव्ह ॲनालायझर (खाणकामाजोगे लघुग्रह उजळवून दाखवणारे उपकरण) चालवल्यावर पिवळे उजळणारे लघुग्रह निवडतो, त्यांवर प्रॉस्पेक्टर लिंपेट (लघुग्रहात काय आहे ते तपासणारा छोटा ड्रोन) सोडतो आणि पॅनेलवर ‘मटेरियल कंटेंट: हाय’ असे दिसले की लेझर सुरू करतो. तरीही काल तासाभराच्या कामानंतर मालखाना उघडून पाहिला, तर त्यात बहुतांशी बर्ट्रांडाइट आणि चांदीच होती. माझे नेमके कुठे चुकते आहे, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

जुना_खाणकरी
तुमची चूक त्या ‘हाय’ या शब्दापाशी आहे आणि सुरुवातीला माझीही नेमकी हीच झाली होती. ती ओळ लोह, निकेल यांसारख्या, इंजिनिअरिंगसाठी (जहाजाचे भाग सुधारण्यासाठी) लागणाऱ्या कच्च्या द्रव्यांविषयी असते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाशी तिचा संबंध नाही. विक्रीचा माल त्याच पॅनेलवर नाव आणि टक्केवारीसह दिलेला असतो आणि निर्णय त्यावरच घ्यावा. प्लॅटिनम पंचवीस टक्क्यांच्या खाली असेल, तर मी तो लघुग्रह सोडून पुढे जातो. एक लिंपेट वाया गेल्याची हळहळ वाटते खरी, पण निकृष्ट दगडावर घालवलेली दहा मिनिटे त्याहून कितीतरी महाग पडतात. शिवाय प्रॉस्पेक्टर लागलेल्या लघुग्रहातून अधिक तुकडे निघतात आणि लिंपेट चालवणाऱ्या ए दर्जाच्या कंट्रोलरने ते आणखी वाढतात. त्यामुळे तपासणी न करता लेझर कधीच लावू नये.

शून्यगुरुत्व
वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की, निवड लघुग्रहाजवळ पोहोचण्याआधीच सुरू होते. डिटेल्ड सरफेस स्कॅनरने कड्यावर प्रोब सोडून प्लॅटिनमचा हॉटस्पॉट (ते अधिक सापडते असा कड्याचा भाग) शोधावा, कारण त्याच्या बाहेर चांगले दगड फार विरळ भेटतात. पिवळ्या उजाळ्यावरून आत कोणते खनिज आहे हे कळत नाही. अतिशय तेजस्वी दिसणारा, अंगावर भेगा असलेला दगड बहुधा गाभ्याचा, म्हणजे ज्याच्या पोटात मौल्यवान खनिज असते असा, असतो. त्याला लेझर नव्हे, तो फोडणारे स्फोटक सिस्मिक चार्ज लागतात. व्हॉइड ओपल हे खनिज हवे असल्यास असेच दगड, पण बर्फाळ कड्यांमध्ये, शोधावे लागतील.

धूमकेतू_७
मनःपूर्वक आभार. आज हॉटस्पॉटमध्ये केवळ टक्केवारी पाहून सलग अकरा दगड सोडले. बाराव्यावर प्लॅटिनम एकेचाळीस टक्के निघाले. मात्र त्याच दगडातील चांदी रिफायनरीचे (तुकड्यांपासून माल बनवणाऱ्या जहाजावरील यंत्राचे) कप्पे अडवून बसते. त्यावर काय उपाय आहे?

जुना_खाणकरी
कॉन्टॅक्ट्सच्या यादीत चांदीचा तुकडा निवडून त्याला ‘इग्नोर’ करावे. मग तुकडे गोळा करणारे कलेक्टर लिंपेट तो उचलणार नाहीत आणि कप्पे प्लॅटिनमसाठी मोकळे राहतील.