उत्तर: क्लबचं स्थापना वर्ष नक्की कोणतं?

ठाण्यातल्या एका जुन्या फुटबॉल क्लबचं स्थापना वर्ष नक्की कोणतं, यावरून इथे वाद चाललाय, त्यात थोडी भर.

धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं वर्ष म्हणजे स्थापना नव्हे. पोरं आधी वर्षानुवर्षं खेळतात, नोंदणी मागाहून होते, बहुधा ग्रँट किंवा मैदानासाठी अर्ज करायची वेळ आली की. तरी तिथून क्लबच्या घटनेची (नियमावलीची) नक्कल आणि फेरफार अर्ज (पदाधिकारी बदलल्याचे अर्ज) काढाच, जुने पदाधिकारी त्यातच सापडतात.

तारीख नसलेलं लेटरहेड नीट बघा. सहा आकडी पिन असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'ठाणे नगरपालिका' छापलंय? मग छपाई १ ऑक्टोबर १९८२ च्या आधीची, कारण त्या दिवशी महापालिका झाली. अर्थात जुने छापील कागद लोक संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे शाईचा शिक्काही तपासा. नवी मुंबईच्या क्लबांना सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) स्थापना, १९७०, ही खूणगाठ: सिडकोचं नाव असलेला कागद त्याआधीचा नसणार.

गुणतक्त्यात मात्र हमखास घोळ होतो. जुन्या लीगमध्ये विजयाला २ गुण असत, ३ चा नियम जगभर रुळला तो १९९४ च्या वर्ल्डकपनंतर. आजच्या हिशोबाने बेरीज 'दुरुस्त' केलीत तर विजेताच बदलायचा! एकाच सामन्याच्या दोन तारखा दिसल्या तर बरोबरीनंतरचा फेरसामना असू शकतो.

जुने कागद जपताना टाचण्या आधी काढा, गंज कागद खातो. फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई) स्कॅन करा, लॅमिनेशन नको. काचेला चिकटलेला फोटो सोलायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा.