नियमांची जाड पुस्तकं टेबलावरून का उतरली?

अंत्रूजकर

फोंड्यात आमचा टेबलटॉप रोलप्लेइंगचा गट आहे: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. त्यातल्या पाथफाइंडर या खेळाची पहिली आवृत्ती आम्ही मनापासून खेळायचो. आता तिच्यासाठी माणसं जमत नाहीत. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "हल्ली कोणाला वाचायला नको." हे मला मुळीच पटत नाही. जी मुलं इंजिनिअरिंगची पुस्तकं आणि जाडजूड कादंबऱ्या वाचतात, त्यांनाच ५७६ पानांचं रूलबुक का जड व्हावं?

माझं म्हणणं असं की नियम फार आहेत म्हणून हे खेळ मागे पडले नाहीत. त्या नियमांचा सगळा भार टेबलावरच्या एकाच माणसावर पडतो, म्हणून पडले. चार-पाच खेळाडूंत एखादाच रूलबुक वाचून येतो, बाकीचे गेम मास्टरच्या (म्हणजे गोष्ट चालवून निर्णय देणाऱ्याच्या; त्यालाच डीएमही म्हणतात) तोंडाकडे बघतात. तो कंटाळला किंवा नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेला की कॅम्पेन, म्हणजे आठवड्यामागून आठवडे चालणारी गोष्ट, तिथेच संपतं, कारण त्याच्या खुर्चीत बसायची कोणाची तयारी नसते. कमी नियमांच्या, हलक्या खेळात ती खुर्ची पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीही घेऊ शकतो.

एकच उदाहरण देतो. याच प्रकारच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या ३.५ आवृत्तीत (२००३) समोरच्याला नुसतं पकडायचं आहे. तुम्ही हात पुढे केलात की आधी त्याला तुमच्यावर फुकटचा वार करता येतो. तो लागून इजा झाली तर तुमचा प्रयत्न तिथेच फसला. त्यातून वाचलात तर स्पर्शापुरता वार टाकायचा, ज्यात त्याचं चिलखत धरायचं नाही. तो लागला की दोघांनी पकडीचे फासे टाकायचे, त्यात शरीराच्या आकाराप्रमाणे अधिक-उणे करायचं. जिंकलात की नकाशावरच्या त्याच्या चौकोनात सरकायचं, आणि सरकताना त्याच्या साथीदारांना पुन्हा वाराची संधी. पकड टिकवायची, सोडवायची, जमिनीला टेकवायची, याचे नियम पुढेच आहेत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत दोघांनी एकेक फासा टाकून त्यात आपापलं कौशल्य मिळवायचं, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला.

पहिल्या पद्धतीत गेम मास्टर पान शोधत असतो आणि बाकीच्यांचं लक्ष मोबाइलमध्ये गेलेलं असतं. हे दर दुसऱ्या लढाईत होतं.

साखळीचा डीएम

अंत्रूजकरभाई, असहमत. पाचवी आवृत्ती हलकी आहे असं धरून तुम्ही बोलताय. तिचं नुसतं खेळाडूंचं पुस्तक ३२० पानांचं आहे. गेम मास्टरचं आणि राक्षसांचं वेगळं. एवढी तीन पुस्तकं असलेला खेळ जगात सर्वांत जास्त खेळला जातो. मग जाडीने लोकप्रियता जाते हे कसं म्हणायचं?

इतिहासही तुमच्या विरुद्ध आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं १९७४ला. ते किचकट वाटलं म्हणून १९७५ला टनेल्स अँड ट्रोल्स आलं, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारं. सोपं असून ते कधी पुढे गेलं नाही. २०००ची तिसरी आवृत्ती चांगलीच जड होती आणि तिने झोपत चाललेला छंद उठवला, कारण तिच्याबरोबर खुला परवाना आला आणि कोणीही तिच्यासाठी साहित्य छापू लागला. पाचवीला २०१५पासून क्रिटिकल रोल हा कॅमेऱ्यासमोर खेळ खेळण्याचा कार्यक्रम आणि २०१६ला स्ट्रेंजर थिंग्ज ही मालिका यांनी घरोघरी नेलं. नाव, दुकानात दिसणं, सोबत खेळायला माणसं मिळणं, यावर सगळं ठरतं. पुस्तकाची पानं कोणी मोजत नाही.

आणखी एक. लिहिलेला नियम हा खेळाडूचा हक्क असतो. गेम मास्टरची मर्जी फिरली तरी पान दाखवून म्हणता येतं, "हे मला करता येतं."

पेडणेकरीण

मी हलक्या खेळांच्या बाजूची, आणि तेही भाराच्या कारणासाठी नाही. जड खेळात गोष्ट थांबते, हे माझं दुःख आहे. आमच्याकडे जत्रेला दशावतार येतो. हातात संहिता नसते. आज कोणतं आख्यान, कोण काय करणार, एवढं रंगपटात ठरतं आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. रात्र सरते, कोणी उठत नाही. गोष्ट तयार व्हायला पानभर नियम लागत नाहीत, हे ज्याने तो खेळ पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

ब्लेड्स इन द डार्क या हलक्या खेळातलं (२०१७) घड्याळ बघा. कागदावर एक गोल काढायचा, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, वर लिहायचं "पहारेकरी सावध झाले". चोरी करताना गडबड झाली की एक-दोन भाग रंगवायचे. गोल भरला की शिट्ट्या वाजल्या. नवीन माणसालासुद्धा समजावून सांगावं लागत नाही; टेबलावरचे सगळे त्या गोलाकडे बघत श्वास रोखतात. लपण्याचे, ऐकू येण्याचे, अंतराचे कोष्टक वाचून हे कधी घडलेलं मी पाहिलं नाही.

साखळीचा डीएम

ताई, घड्याळ सुंदर आहे, मीही वापरतो. पण दशावताराचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारा नट लहानपणापासून रात्री जागवत, छोट्या भूमिका करत तिथवर आलेला असतो. आधी गणपती, मग संकासुर, कोणत्या प्रसंगाला कोणता ताल, युद्धनृत्य कुठे थांबतं, सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. पुराणं तोंडपाठ. तिथे नियम भरपूर आहेत, फक्त लिहिलेले नाहीत.

आमच्या टेबलावर पहिल्यांदा येणाऱ्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याला "सांग, काय करतोस?" विचारलं की तो गप्प बसतो. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, चार गोष्टी छापलेल्या असल्या तर त्यातली एक निवडतो आणि तिथून बोलायला लागतो.

आल्तिनो

वरच्याला पूर्ण पाठिंबा. मी मुळात कमी बोलते. कमी नियमांच्या खेळात जो मोठ्याने आणि रंगवून बोलतो त्याचं पात्र जिंकतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गेम मास्टरला त्याचा दोष देत नाही. ऐकू येतं त्यावरच तो निर्णय देणार. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) प्रत्येक पाळीला तीन कृती. चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, बहुतेक मंत्रांना दोन. माझ्या तीन कृती माझ्याच असतात, कोणी त्यावर बोलून कुरघोडी करू शकत नाही. नियम पुष्कळ आहेत, पण साचा एकच, त्यामुळे डोक्यात बसतात.

आणि ते सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. आयात पुस्तकांच्या किमती बघता पणजीतल्या कॉलेजच्या मुलांसाठी हे फार मोठं आहे. २०२३च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खुला परवाना बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कितीतरी लोक याच जड खेळाकडे वळले.

म्हादईकाठ

कॉम्प्युटरबद्दल कोणी बोललंच नाही. १९८०च्या दशकातल्या रोलमास्टरमध्ये प्रत्येक शस्त्राचं वेगळं कोष्टक होतं आणि त्यात चिलखताचे वीस प्रकार. ज्याला हे आवडायचं त्याला तेव्हा टेबलाशिवाय पर्याय नव्हता. आज बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम (२०२३) पाचव्या आवृत्तीचे नियम स्वतः चालवतो, आकडेमोड पडद्यामागे होते. तो खेळाडू घरी बसून तृप्त आहे. टेबलाकडे उरलेत गोष्टीसाठी येणारे.

अंत्रूजकर

साखळीकर, पानांचा मुद्दा घेतो. मी भार म्हणतो तो पुस्तकाच्या वजनाचा नाही, पाळी आली त्या क्षणाचा. पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा घ्या. प्रतिकूल असेल तर लहान. आधीच्या ३.५ आवृत्तीत उंचावरून अधिक एक, घेरल्याबद्दल अधिक दोन, अशी बेरीज प्रत्येक वाराला करावी लागायची. ३२० पानं असली तरी खेळाडूला त्या क्षणी फारच थोडं आठवावं लागतं. क्रिटिकल रोलचा गट घरी पाथफाइंडरच खेळायचा. कॅमेऱ्यासमोर यायचं ठरलं तेव्हा ते पाचव्या आवृत्तीवर आले, आणि ती तर मुरलेली माणसं होती.

आल्तिनो, तीन कृतींचं पटतं. माझ्या तक्रारीचं उत्तर त्यातच आहे असं वाटतं: खेळाडूला स्वतःचे नियम स्वतः सांभाळता आले तर गेम मास्टर मोकळा होतो. पण शीटवर छापलेल्या चार गोष्टींचा अर्थ नव्या मुलाला कोण सांगतं? पुन्हा तोच एकटा माणूस.

पेडणेकरीण

हेच. आणि तो एकटा माणूस कधी खेळाडू म्हणून बसूच शकत नाही. कित्येक चांगले गेम मास्टर याच कारणाने छंद सोडून गेलेत, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

साखळीचा डीएम

यावर आमच्याकडे एक पद्धत आहे. पहिल्याच सेशनला नियम वाटून द्यायचे. एकाकडे पाळ्यांचा क्रम, एकाकडे पकड-ढकल, आणखी एकाकडे जखमा आणि उपचार, जादूगार खेळतो त्याच्याकडे मंत्र. प्रश्न आला की त्या माणसाने पान काढून सांगायचं, आणि गेम मास्टरने मध्ये तोंड घालायचं नाही. सुरुवातीला चुका होतात, होऊ द्यायच्या. आमचं पाथफाइंडर त्यावर चालू आहे आणि माझ्या जागी आता आणखी दोघं बसू शकतात.

आल्तिनो

चवथीच्या दिवसांत अर्धा गट गावी असतो. मंत्र ज्याच्याकडे तोच आला नाही तर?

साखळीचा डीएम

तर त्या दिवशी जादूगारही नसतो. म्हणूनच तो भाग त्याच्याकडे दिलेला असतो. उपचारांचा भाग मात्र दोघांकडे ठेवतो, कारण जखमा कोणाला चुकत नाहीत.