मॉडेल मोजमापाशी जुळलं, पण चुकीचा आकडा हलवून जुळवलं का?

पश्चिमेची_काच

नमस्कार मंडळी. मी इमारत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय असा: एसी नसलेल्या अभ्यासिकेत रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारी खोली किती थंड राहील. खोली खरी आहे, आमच्याच ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची. साधारण ४०० घनमीटर, पश्चिमेला काच, तीन बाजूंनी आणि मधोमध पुस्तकांची कपाटं. सध्या तिथे रात्री खिडक्या बंदच असतात. आठ आठवडे तापमान नोंदवणारे सहा लॉगर लावले, दर दहा मिनिटांनी नोंद. कोणी हलवू नये म्हणून रोज सकाळी स्वतः जाऊन सहाही पाहून यायचे.

मग एनर्जीप्लसमध्ये (इमारतीतली उष्णता आणि हवा यांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल केलं. पहिल्याच रनला दुपारी चारला मॉडेल खऱ्या खोलीपेक्षा ३ अंशांनी गरम आणि पहाटे दीड अंशाने थंड आलं. इन्फिल्ट्रेशन, म्हणजे फटींतून आपोआप येणारी हवा, तासाला ०.५ हवाबदल (तासात खोलीची अर्धी हवा बदलते) धरलं होतं, कारण मागच्या बॅचच्या एका प्रबंधात तोच आकडा होता. तो वाढवत गेले. २.५ वर दुपारची चूक ०.६ अंशावर आली, आरएमएसई (सगळ्या तासांच्या चुकांचा मिळून एक आकडा) २.१ वरून १.३ अंश झाला. सरासरीच्या टक्केवारीत मांडला तर ४ टक्के. अ‍ॅश्रे गाईडलाइन १४ मध्ये (मॉडेल मोजमापाशी जुळलं का हे ठरवायची अमेरिकी अभियंता संस्थेची नियमावली) तासागणिक डेटासाठी मर्यादा ३० टक्के आहे. गाईड म्हणाले, जुळलंय, पुढच्या प्रकरणाला लागा.

पण मन घेत नाही. माझा अख्खा प्रबंध रात्रीच्या हवेबद्दल आहे, आणि खिडक्या बंद असतानाच फटींतून २.५ हवाबदल होतात असं मी आधीच मॉडेलला सांगून बसले आहे. मग खिडक्या उघडून मिळणारा फायदा जो निघेल, त्यावर विश्वास कसा ठेवू? हा आकडा मी मोजलेला नाही, जुळेपर्यंत फक्त वाढवलेला आहे. विभागात एक कार्बन डायऑक्साइड मीटर पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तरवारा

आधी दोन साध्या गोष्टी. हवामानाची फाइल त्याच आठ आठवड्यांची आहे की सरासरी वर्षाची? सरासरी वर्षाची फाइल आणि खरं मोजमाप यांची तुलना होऊच शकत नाही. त्यातला उकाड्याचा आठवडा तुमच्या आठवड्यांत आलेलाच नसेल. दुसरं, वेळेचा शिक्का. एनर्जीप्लस तासाचा आकडा तास संपताना लिहितं आणि तो त्या तासाची सरासरी असतो. लॉगरची नोंद त्या क्षणाची असते. दहा मिनिटांच्या नोंदींची त्याच तासाची सरासरी घेतली नसेल, तर दोन्ही रेषा अर्ध्या तासाने सरकलेल्या दिसतील, आणि तुम्ही तो अर्धा तास भिंतीच्या गुणधर्मांत शोधत बसाल.

पश्चिमेची_काच

हवामान गच्चीवरच्या आमच्या स्टेशनचं आहे, त्याच दिवसांचं, वाऱ्यासकट. वेळेचं मात्र मी पाहिलंच नव्हतं. आज सगळं तासाच्या सरासरीवर आणलं. थोडा फरक पडला, पण पहाट-दुपारचं कोडं तसंच आहे.

मोजून_पाहा

तुमची शंका रास्त आहे. ती सोडू नका.

पहिली गोष्ट टक्क्यांची. गाईडलाइन १४ च्या त्या मर्यादा (महिन्याला १५ टक्के, तासागणिक ३०) ऊर्जेच्या वापरासाठी आहेत. वापराला खरा शून्य असतो. सेल्सिअसला तसा शून्य नाही. सरासरी ३० अंश आणि चूक ३ अंश, म्हणजे १० टक्के. हेच केल्विनमध्ये मांडा, १ टक्का होईल. खोली तीच, चूक तीच. तेव्हा तापमानासाठी टक्के लिहूच नका, चूक सरळ अंशांत लिहा.

दुसरं, तुमच्या पहिल्या रनमध्येच उत्तर दडलेलं आहे. मॉडेल दुपारी जास्त गरम, पहाटे जास्त थंड. म्हणजे त्याचा झोका, दिवस-रात्रीचा चढउतार, खऱ्या खोलीपेक्षा मोठा आहे. हवा वाढवल्याने झोका असा दोन्ही टोकांना आवळला जात नाही. आतली हवा बाहेरपेक्षा गरम असेल तर जादा हवा तिला दुपारीही खाली ओढते आणि पहाटेही. माझा अंदाज, २.५ वर तुमची पहाटेची चूक वाढली असेल. आरएमएसई सुधारला तो दुपारच्या जोरावर. एका आकड्यात दिवसाचा आकार हरवतो, म्हणून एका आठवड्याच्या दोन्ही रेषा एकावर एक काढा आणि नुसत्या डोळ्यांनी बघा.

दोन्ही टोकं आत ओढतं ते थर्मल मास, म्हणजे उष्णता साठवून सावकाश सोडणारं वजन. पुस्तकं मॉडेलमध्ये आहेत का? नसतील असं मी धरून चालतो, कारण इमारतीच्या नकाशात पुस्तकं नसतात. हिशेब करून पाहा. ९,००० पुस्तकं, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे ४,५०० किलो कागद. कागदाची विशिष्ट उष्णता किलोला साधारण १.३५ किलोज्यूल. म्हणजे पुस्तकं एक अंश तापवायला जवळपास ६,००० किलोज्यूल लागतात. खोलीतल्या हवेला? ४०० घनमीटर हवेला ४८० च्या आसपास. बारापट! अर्थात कागद उष्णता सावकाश वाहतो. चोवीस तासांच्या चक्रात ती पाच-सहा सेंटीमीटरच आत शिरते, त्यामुळे पूर्ण वजन धरू नका. इंटर्नल मास (मॉडेलमध्ये खोलीतलं सामान भरायची जागा) म्हणून कपाटांच्या उघड्या बाजूंचं क्षेत्रफळ द्या आणि जाडी तेवढीच ठेवा. क्षेत्रफळ टेप घेऊन मोजा, अंदाजाने टाकू नका.

आता मीटर. तो सोन्यासारखा वापरता येईल. अभ्यासिका बंद होताना लोकांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड चढलेलाच असतो. शेवटचा माणूस गेला, दार लागलं, की तो उतरू लागतो. सुरुवातीच्या आकड्यातून बाहेरचा वजा करा, शेवटच्यातूनही बाहेरचा वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, नॅचरल लॉग घ्या, तासांनी भागा. समजा मीटरवर बाहेर ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), सुरुवात १,६२०, दोन तासांनी ७२०. १,२०० भागिले ३०० म्हणजे ४. त्याचा लॉग १.३९. दोन तासांनी भागून तासाला ०.७ हवाबदल. खरोखर २.५ असते तर तासाभरातच मीटर ५२० च्या जवळ आला असता. म्हणजे पहिल्याच रात्री फरक डोळ्यांना दिसेल.

दोनच आकड्यांवर मात्र विसंबू नका. सगळ्या नोंदींतून बाहेरचा आकडा वजा करून लॉग काढा आणि वेळेसमोर आलेख करा. सरळ रेषा आली तर चाचणी चांगली. वाकली तर मध्ये कोणी दार उघडलं, हवा नीट मिसळली नाही किंवा बाहेरचा आकडा चुकीचा धरला आहे. हवा मिसळायला एक पंखा चालू ठेवा. आत थांबून बघायचा मोह होतो, पण थांबू नका. तुमचा श्वासही मोजला जातो.

आणि आठ आठवड्यांत सुट्टीचा एखादा आठवडा आहे का? असेल तर आधी तोच जुळवा. माणसं नाहीत, लॅपटॉप नाहीत, खिडक्या बंद. फक्त भिंती, काच, पुस्तकं आणि फटी. तिथे जे आकडे ठरतील ते पुढे बदलायचे नाहीत, माणसांची भर त्यानंतर. निदान दोन आठवडे हात न लावता बाजूला ठेवा आणि शेवटी मॉडेल त्यांच्यावर तपासा.

धूळ_आणि_लॉगर

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, याच वाटेने गेले आहे म्हणून लिहिते. वरच्या सगळ्याला सहमत, फक्त एक भर. लॉगर कशावर चिकटवलेत ते बघ. माझे दोन लॉगर बाहेरच्या भिंतीवर टेपने लावलेले होते, आणि वर्षभर मी भिंतीचं तापमान हवेचं म्हणून वापरत होते. कळलं तेव्हा एक पूर्ण प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. ऊन थेट पडणारा लॉगर तर सरळ बाजूला काढ.

शिवाय इन्फिल्ट्रेशनचा एकच आकडा नको देऊस. मोजून जी मर्यादा मिळेल तिच्या दोन्ही टोकांना मॉडेल चालव आणि रात्रीच्या हवेचा फायदा इतका ते इतका असा लिही. परीक्षक हेच विचारतात.

पश्चिमेची_काच

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

मोजून_पाहा, तुमचा अंदाज बरोबर होता. २.५ वर पहाटेची चूक दीडवरून २.२ अंश झाली होती आणि मी ती पाहिलीच नव्हती. तीन रात्री चाचणी केली: ०.५८, ०.६६ आणि एका वाऱ्याच्या रात्री ०.९. पहिल्या दोन रात्रींची रेषा इतकी सरळ आली की मी ती छापून टेबलासमोर लावली आहे. म्हणजे मागच्या प्रबंधातला ०.५ फारसा चुकीचा नव्हता. मी मात्र तो मोजल्याशिवाय घेतला आणि मोजल्याशिवायच सोडला.

कपाटं टेपने मोजायला दोन संध्याकाळी गेल्या. पुस्तकं घातल्यावर सुट्टीच्या आठवड्यात पहाटेची चूक ०.४ अंशाच्या आत आली. दुपारी मात्र माणसं असलेल्या दिवशी अजून १.१ अंश जास्त यायचं. तीन दुपारी नुसती खोलीत बसून राहिले. दोन वाजून गेले की ऊन टेबलावर येतं आणि लोक उठून पडदे ओढतात, रोज, न चुकता. मॉडेलमध्ये पडदे नव्हतेच. एक लॉगर पश्चिमेच्या भिंतीवर होता, तो वगळला. आता दुपारची चूक ०.५.

आणि ज्यासाठी हे सगळं: रात्री खिडक्या उघड्या ठेवल्यावर दुपारचं कमाल तापमान जुन्या मॉडेलमध्ये ०.८ अंशाने उतरत होतं. आता ०.६ ते ०.९ या मर्यादेत १.५ ते १.७ अंशांनी उतरतं. गाईडना तिन्ही आलेख दाखवले, त्यांनी प्रकरण पुन्हा लिहायला वेळ दिला आहे.

एकच अडतंय. वाऱ्याच्या रात्री ०.९ येतात, शांत रात्री ०.६. मग मॉडेलला वर्षभर एकच आकडा कसा द्यायचा?

मोजून_पाहा

देऊ नका. एनर्जीप्लसच्या डिझाइन फ्लो रेटमध्ये (जिथे इन्फिल्ट्रेशन भरतात) चार गुणक असतात: स्थिर, आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाचा, वाऱ्याच्या वेगाचा आणि त्या वेगाच्या वर्गाचा. तुम्ही काही भरलं नसेल तर १, ०, ०, ० असतात, म्हणजे वारा कितीही असो, हवा तेवढीच. गच्चीवर वाऱ्याची नोंद आहे म्हणालात ना? त्या तीन रात्रींचा सरासरी वेग काढा आणि हवाबदलांसमोर मांडा. तीन बिंदूंवर रेषा ओढू नका, अजून पाच-सहा रात्री घ्या, निदान दोन वाऱ्याच्या. मीटर जागेवर आहेच. आकडे आले की इथेच टाका, गुणक सोबत बसवू.