त्याच मुली, दोन संघ: हायस्कूलचा बास्केटबॉल आणि हॉकीचा हंगाम एकत्र कसा निभवावा?

प्रश्न: सत्तरीची क्रीडाशिक्षिका

नमस्कार. सत्तरी तालुक्यातील एका लहान अनुदानित हायस्कूलमध्ये मी शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्याकडे १७ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ आहे आणि त्याच गटाचा हॉकी संघही आहे. संघ दोन असले तरी मुली बहुतेक त्याच आहेत, कारण आठवी ते दहावीच्या वर्गांतून मैदानावर नियमित उतरणाऱ्या मुलींची संख्या पंधराच्या पुढे जात नाही. गेल्या हंगामात बास्केटबॉलमध्ये आम्ही तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. हॉकीत मात्र म्हापशाला पेडे येथील टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) उतरल्यावर पहिल्याच सत्रात सामना हातचा गेला. मुलींना चेंडू अडवताच येईना. तेव्हापासून व्यवस्थापनाचे म्हणणे असे की एवढ्या मुलींवर दोन खेळ चालवण्यात अर्थ नाही, बास्केटबॉलचे कोर्ट शाळेच्या आवारातच आहे, खर्चही कमी, म्हणून तो एकच खेळ ठेवावा.

अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. आमचे मैदान जांभ्याच्या मातीचे असून जून लागल्यापासून चतुर्थी होईपर्यंत ते खेळण्याजोगे नसते. बास्केटबॉलचे कोर्ट सिमेंटचे व उघडे आहे आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. हाताशी उरते ते शाळेचे सभागृह, ज्याची फरशी गुळगुळीत आहे आणि जिथे रिंग नाही. त्यातच शाळा सुटली की बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी शाळेची बस, ठरल्या वेळी निघतो आणि तो चुकल्यास लांबच्या वाड्यांवरील मुलींना पुढची बस लवकर मिळत नाही, त्यामुळे संध्याकाळचा सराव अर्ध्या संघावरच भागवावा लागतो.

माझे प्रश्न दोन आहेत. एकाच हंगामात दोन्ही खेळ खेळणे मुलींच्या दृष्टीने कितपत योग्य? आणि खेळायचेच ठरवले, तर पावसाळ्यातील सरावाची मांडणी कशी असावी?

उत्तर: बार्देशातील हॉकी प्रशिक्षक

बाई, पेडे येथे जे घडले त्यावरून मुलींना हॉकी जमत नाही असा निष्कर्ष काढू नये. मातीच्या मैदानावर चेंडू उसळत आणि अडखळत येतो, म्हणून खेळाडू काहीशी ताठ उभी राहते आणि चेंडू कुठे वळतो ते पाहून शेवटच्या क्षणी स्टिक लावते. टर्फवर तोच चेंडू जमिनीलगत, सरळ आणि कितीतरी अधिक वेगाने येतो. गुडघे वाकवून स्टिक आधीच जमिनीला टेकवलेली नसेल तर तो खालून निघून जातो. मातीवर चेंडू पुढे मारून त्यामागे धावण्याची सवयही लागते, पण टर्फवर असा चेंडू थांबतच नाही, थेट रेषेबाहेर जातो. या बदलाने भल्याभल्यांची तारांबळ उडालेली आहे. १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली, तेव्हा १९२८ पासून खेळलेल्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पदक घेऊन परतलेला भारत सातव्या क्रमांकावर राहिला. त्या घसरणीला मैदान हे एकच कारण नव्हते, हे मान्य करूनही तुमच्या मुलींना दोष देताना तेवढे लक्षात ठेवावे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. ज्या सभागृहाला आपण गैरसोय समजता, ते टर्फच्या तयारीसाठी तुमच्या मैदानापेक्षा अधिक उपयोगी आहे. गुळगुळीत फरशीवर चेंडू टर्फसारखाच जमिनीलगत व वेगाने सरकतो. इनडोअर हॉकीत चेंडूला हिट (स्टिक मागे नेऊन फटका) मारण्यास मनाई असते, तो फक्त पुशने, म्हणजे स्टिक चेंडूला टेकवून, ढकलायचा किंवा वळवायचा असतो, आणि दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या असल्यामुळे खेळ सारखा थांबत नाही. हाच नियम सभागृहात लावावा. वर्गातील बाके आडवी टाकून दोन बाजू बंद कराव्यात, खिडक्यांची काळजी मिटेल आणि फरशीचीही. जोडीजोडीने पुश आणि ट्रॅप (स्टिकने चेंडू थांबवणे), मग तिघींचा त्रिकोण, मग तीन विरुद्ध दोन, एवढाच क्रम जून-जुलैभर ठेवला तरी पुरे. मुलींच्या बुटांचे तळवे कोरडे राहतील एवढे मात्र पाहावे. व्हरांड्यातून ओल्या पायांनी आलेली मुलगी त्या फरशीवर हमखास घसरते.

पाऊस ओसरला की मैदानावर जाऊन हिट, लांब पास आणि पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या फाऊलबद्दल मागच्या रेषेवरून चेंडू आत टाकून मिळणारी गोलाची संधी) घ्यावेत. कॉर्नरच्या बाबतीत एक सूचना आहे. मातीवर चेंडू नीट थांबवता येत नाही म्हणून अनेक शाळा त्याचा सरावच सोडून देतात आणि टर्फवर मिळालेले कॉर्नर वाया घालवतात. चेंडू टाकणारी, थांबवणारी आणि मारणारी या तिघी आधीच ठरवून त्यांचा सराव सभागृहात पुशनेच करून घ्यावा. स्पर्धेआधी एकदा तरी पेडे येथे सरावासाठी वेळ मिळावा म्हणून शाळेच्या पत्रावर लेखी अर्ज करावा, आणि तो स्पर्धेचे वेळापत्रक लागण्यापूर्वी करावा.

हॉकी हा गोव्याचा खेळ नव्हे, फुटबॉल तेवढा आपला, असे व्यवस्थापनात कोणी म्हणालेच तर त्यांना एवढे सांगावे की १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले, त्या संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो हे मूळ गोमंतकीय होते.

उत्तर: बास्केटबॉल पंच, मडगाव

वरील प्रशिक्षकांचे सभागृहाविषयीचे म्हणणे पटले, पण पावसाळाभर सभागृह हॉकीलाच देऊन टाकावे हे पटत नाही. रिंग नसली तरी बास्केटबॉलचा निम्मा खेळ शिकवता येतो: पिव्होट (एक पाय रोवून वळणे), छातीवरून व जमिनीवर टप्पा देऊन केलेले पास, दोन्ही हातांनी ड्रिबल आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे बचावातील पावले. लेअप (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणे) आणि फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारा बिनअडथळा नेम) यांना रिंग लागतेच, त्यासाठी कोर्ट खरवडून शेवाळ काढून टाकावे आणि उघाडीचा दिवस पाहून मुलींना बाहेर न्यावे. ताठ ब्रशने घासून ब्लीचिंग पावडर टाकली की काही दिवस तरी कोर्ट वापरता येते.

पण मला लिहायचे होते ते वेगळेच. दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलींचे सामने पंच म्हणून पाहताना एक घोटाळा वारंवार दिसतो आणि शिक्षकांचे त्याकडे क्वचितच लक्ष जाते. बास्केटबॉलमध्ये चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये आपली पाठ आणणे, तसेच सहकाऱ्यासाठी स्थिर उभे राहून स्क्रीन लावणे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे, हे कौशल्य समजले जाते. हॉकीत नेमकी हीच गोष्ट फाऊल ठरते, कारण शरीर मध्ये घालून चेंडू झाकणे म्हणजे अडथळा. उलट हॉकीत टॅकल करताना हात लांब करून स्टिक पुढे टाकायची असते. ती सवय घेऊन मुलगी कोर्टवर आली की चेंडूऐवजी प्रतिस्पर्धी मुलीच्या मनगटावर हात मारते आणि पंचाची शिट्टी वाजते. एका सत्रात संघाचे चार फाऊल झाले की त्यानंतर बचावातील प्रत्येक फाऊलवर समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, आणि पाच वैयक्तिक फाऊल झालेली खेळाडू बाहेर जाते. बदली खेळाडू मोजक्याच असलेल्या तुमच्या संघाला ते परवडणारे नाही.

यावर उपाय म्हणून खेळ सोडण्याची गरज नाही. सरावाच्या सुरुवातीला दोन्ही खेळांना लागणारी गोष्ट घ्यावी, म्हणजे खाली वाकून बाजूला सरकणारी पावले आणि समोरच्या मुलीला अंगाचा धक्का न लावता कडेकडे जायला भाग पाडणे. त्यानंतर त्या दिवशीचा खेळ कोणता, ते मोठ्याने सांगावे आणि नियमही सांगावा: आज पाठ चालेल, किंवा आज पाठ चालणार नाही.

उत्तर: दहावीतील मुलीचे वडील, डिचोली

पालक म्हणून दोन शब्द. गोवा बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुणांची सोय असल्यामुळे खेळाला घरातून पूर्वीइतका विरोध होत नाही, पण दोन खेळ म्हटले की दहावीच्या मुलीचे पालक बिचकतात. आमच्या शाळेने संध्याकाळचा सराव बंद करून तो सकाळी प्रार्थनेआधी ठेवला, कारण बालरथ मुलांना तसाही लवकर आणून सोडतो आणि तोपर्यंत मुले व्हरांड्यात नुसती बसून असतात. शिकवणीही बुडत नाही. वेळ थोडा मिळतो हे खरे, परंतु सगळा संघ हजर असतो. माझी एकच विनंती आहे, स्पर्धांच्या तारखा हाती आल्या की पालकांना लगेच कळवाव्यात. आदल्या दिवशी निरोप आला की घरात वाद होतात.

उत्तर: क्रीडा-फिजिओथेरपिस्ट, फोंडा

आपल्या पहिल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. या वयात दोन खेळ खेळणे अपायकारक नाही. उलट एकाच खेळाच्या त्याच त्या हालचालींनी होणाऱ्या दुखापती त्यामुळे टळण्यास मदत होते. अपाय होतो तो विश्रांती न मिळाल्याने. सकाळी हॉकीचा सामना आणि दुपारी बास्केटबॉलचा, अशी वेळ आली तर दोन्हीकडे त्याच पाच-सहा मुलींना पूर्ण वेळ खेळवू नये, मग एखादा सामना गेला तरी चालेल. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्या नियमाचा लाभ घ्यावा.

मुलींच्या गुडघ्यांविषयी मात्र सावध राहावे लागेल. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना गुडघ्यातील पुढचा क्रूसाकार स्नायुबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो फाटण्याचे प्रमाण वयात आलेल्या मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते, आणि या दोन्ही हालचाली बास्केटबॉलमध्ये सतत होतात. रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) घेऊन उतरताना दोन्ही गुडघे आत वळतात का, ते प्रत्येक मुलीला समोरून उभे राहून पाहावे. वळत असतील तर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याचा सराव घ्यावा. एका पायावर तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम वॉर्मअपमध्येच बसवावेत. सकाळच्या थोड्या वेळातही एवढे सहज होते आणि ते दोन्ही खेळांना उपयोगी पडते. ओल्या किंवा शेवाळी कोर्टवर उडीचा सराव मुळीच घेऊ नये, वरवर घासलेल्या कोर्टवरही नाही. या बाबतीत मी पंचसाहेबांपेक्षा अधिक कडक आहे.

प्रश्नकर्त्या: सत्तरीची क्रीडाशिक्षिका

सर्वांचे आभार. सकाळचा सराव आमच्याकडेही शक्य आहे, कारण दोन बालरथांपैकी लांबच्या वाड्यांकडून येणारा आधी पोचतो. व्यवस्थापनापुढे प्रस्ताव असा ठेवणार आहे: पाऊस असेतोवर आठवड्यातील तीन सकाळी सभागृहात हॉकीचे पुश-ट्रॅप आणि दोन सकाळी बास्केटबॉलचे पास व पावले, चतुर्थीच्या सुट्टीनंतर मैदान आणि कोर्ट. पाठ आणि स्क्रीन यांचा मुद्दा वाचल्यावर गेल्या वर्षी आमच्या विरुद्ध दिलेल्या कितीतरी फ्री हिटचे कारण ध्यानात आले. मुली पंचांवर रागावल्या होत्या. आता प्रश्न राहतो गोलरक्षकाचा. शाळेकडे पॅडचा एकच संच आहे, तो मोठ्या मुलग्यांच्या मापाचा असून आमच्या गोलरक्षक मुलीला त्यात धड चालताही येत नाही. नवा संच घेण्याएवढे पैसे मिळणार नाहीत.

उत्तर: बार्देशातील हॉकी प्रशिक्षक

सगळा संच एकदम घेण्याची गरज नाही. पाय जड झाल्याचा त्रास बहुधा किकर्समुळे (बुटांवर चढवायच्या पावलांच्या कवचांमुळे) होतो, म्हणून आधी तिच्या पावलाच्या मापाचे किकर्स घ्यावेत आणि पॅडचे पट्टे चांभाराकडून आखूड करून घ्यावेत. हेल्मेट, गळ्याचे संरक्षण आणि छातीचे कवच यांत तडजोड करू नये; ती तिच्या मापाची नसतील तर शेजारच्या हायस्कूलकडून स्पर्धेपुरती मागून आणावीत, तालुक्यात अशी देवाणघेवाण चालते. कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी फेसमास्कही त्याच वेळी मागून ठेवावेत. सभागृहातील सरावात तिला बिनपॅडची उभी करू नये, चेंडू पुशने आला तरी नाही. पॅड दुरुस्त होऊन येईपर्यंत गोलाच्या जागी दोन शंकू ठेवावेत आणि तिला बाकीच्यांबरोबर बचावात खेळवावे.