आरक्षण होतंच, पण सोयाबीनचं काय?

२०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यात महायुती फक्त मराठा आंदोलनामुळे पडली, हे मला अर्धंच पटतं. जालन्यात, बीडला तो मुद्दा मोठा होताच. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे लाखाच्या फरकाने पडले, पंकजाताई साडेसहा हजारांनी. पण लातूर? ती तर अनुसूचित जातीसाठी राखीव जागा, तीही गेली. आठांपैकी महायुतीकडे एकटं संभाजीनगर राहिलं.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरकडे पारावर बोलणं व्हायचं ते सोयाबीनचं. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,६०० रुपये. चुलत्यांनी भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून पोती घरात ठेवली, माळवदाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी मार्चमध्ये अडतीवर नेली, तर काडीकचरा, डागी दाणा म्हणत कापून क्विंटलला ४,२०० सुद्धा हातात पडले नाहीत. त्यात पाऊस कमी पडलेलं वर्ष. शेजारच्या वस्तीत संविधान बदलतील याची काळजी होती, आणि ती मनापासूनची होती.

देशात भाजप ३०३ वरून २४० वर आला. सरकार रालोआच्या २९३ जागांवर टिकलं. त्या घसरणीत आमच्या सोयाबीनचाही वाटा आहे, तो कृपा करून वगळू नका.