१९६२ : ‘चीनचे आक्रमण’ म्हणावे की ‘भारत-चीन सीमायुद्ध’?

जुनी_पाने (प्रश्न)

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाकडे ऑक्टोबर ते डिसेंबर १९६२ या काळातील मराठी दैनिकांचे बांधीव अंक आहेत आणि त्यांतील निवडक पानांचे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे; परंतु मुख्य फलकाच्या शीर्षकापाशीच समितीचे काम अडले आहे. ज्येष्ठ सभासदांना ‘चीनचे आक्रमण’ हेच नाव हवे आहे, कारण अंकांत तेच छापले आहे आणि तो काळ त्यांनी स्वतः पाहिला आहे. इतिहास शिकवणाऱ्या एका सभासद बाईंचे म्हणणे असे की ‘आक्रमण’ हा निष्कर्ष आहे, आणि तो दारातच सांगून टाकला तर वाचक आतले कागद तपासून पाहणार नाही. म्हणून त्या ‘भारत-चीन सीमायुद्ध’ सुचवतात. तिसरे सुचवलेले शीर्षक ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ असे आहे. पहिला फलक कोणत्या वर्षापासून सुरू करावा, हेही याच वादामुळे ठरत नाही. जाणकारांचे मत हवे आहे.

गडवाट

‘आक्रमण’ हाच शब्द ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नेफातील (आजच्या अरुणाचल प्रदेशातील) नामका चू खोऱ्यात आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला झाला. एखाद्या चौकीवरच्या चकमकीतून भडका उडाला म्हणून इतक्या दूरच्या दोन आघाड्या एकाच दिवशी पेटत नाहीत. त्यामागे अनेक आठवड्यांची तयारी लागते. १४ नोव्हेंबरला संसदेने केलेल्या ठरावात आक्रमकाला देशाच्या भूमीवरून हाकलून लावण्याची प्रतिज्ञा आहे, तेव्हा हा शब्द केवळ वृत्तपत्रांचा नव्हता. भारताच्या सरकारी आकड्यांनुसार १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ युद्धकैदी झाले. ‘संघर्ष’, ‘सीमावाद’ यांसारखे मऊ शब्द वापरून हे सारे एखाद्या कागदी तंट्यासारखे दिसू लागले, तर १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्यासह जवळजवळ संपूर्ण तुकडी धारातीर्थी पडली, त्या माणसांवर तो अन्याय होईल.

पाणलोट

गडवाट यांच्या भावनेशी मी सहमत आहे, परंतु शीर्षकाबाबत माझे मत वेगळे आहे. नाव ठरले की कथा कोठून सुरू करायची तेही ठरते, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. चीनमध्ये या युद्धाला सीमेवरील ‘आत्मसंरक्षणार्थ प्रतिहल्ला’ म्हणतात. १९६९ मध्ये सोव्हिएत संघाशी उसुरी नदीवर झालेल्या लढाईला आणि १९७९ मध्ये व्हिएतनामवर केलेल्या चढाईलाही त्यांनी हीच संज्ञा लावली. ‘प्रतिहल्ला’ म्हटले की आधी कोणी तरी हल्ला केलेला असला पाहिजे, म्हणून त्यांची कथा नोव्हेंबर १९६१ मध्ये भारताने स्वीकारलेल्या फॉरवर्ड पॉलिसीपासून, म्हणजे वादग्रस्त प्रदेशात पुढे सरकून चौक्या उभारण्याच्या धोरणापासून सुरू होते. आपण ‘आक्रमण’ म्हणतो तेव्हा आपली कथा २० ऑक्टोबरला सुरू होते. दोन्ही कथांमध्ये १९५७ मागे राहते. त्या वर्षी चीनने अक्साई चीनमधून शिनच्यांग व तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण केला आणि भारताने अधिकृत निषेध नोंदवला तो १९५८ मध्ये.

ढोला चौकीचे उदाहरण अवश्य द्यावे, कारण प्रामाणिक माणसेही येथे वेगळ्या निष्कर्षांवर येतात. जून १९६२ मध्ये भारताची ही चौकी नामका चू खोऱ्यात, ठागला या डोंगरकड्याच्या दक्षिणेला उभारण्यात आली. सीमा पर्वताच्या सर्वोच्च जलविभाजक कड्यावरून जाते, ही भारताची भूमिका मान्य केली तर चौकी निःसंशय भारतीय भूमीवर होती. मात्र १९१४ च्या सिमला परिषदेतील नकाशावर जाड रेघेने काढलेली मॅकमहोन रेषा (ब्रिटिश भारत व तिबेट यांच्यातील सीमा) त्या ठिकाणी कड्याच्या दक्षिणेकडून जाते. मुळात चीनला ती रेषाच मान्य नाही, हा मुद्दा आणखी वेगळा.

एवढे मांडूनही ‘आत्मसंरक्षण’ हे वर्णन मला पटत नाही. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि पूर्वेकडे तो मागे गेला, हे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. परंतु लडाखमध्ये जिंकलेला प्रदेश त्याने परत केला नाही. म्हणून शीर्षकात ‘१९६२ चे भारत-चीन युद्ध’ असे लिहावे आणि ‘आक्रमण’ हा शब्द मजकुरात पुराव्यासह यावा. ‘सीमायुद्ध’ म्हणणेही मी टाळीन, कारण मार्च १९५९ मधील ल्हासाचा उठाव आणि दलाई लामांना भारताने दिलेला आश्रय यांच्याशिवाय हे युद्ध समजत नाही, आणि तो प्रश्न केवळ सीमेचा नव्हता.

कृष्णाकाठ

‘सह्याद्री’चे शीर्षक मुख्य फलकाला देऊ नये. यशवंतराव चव्हाणांविषयी मला नितांत आदर आहे आणि हे वाक्य ऐकतच आमची पिढी वाढली. पण कृष्ण मेनन यांच्या जागी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत रुजू झाले तेव्हा लढाई थांबत आली होती. त्यांचे खरे काम पुढचे आहे: सैन्याची फेरउभारणी, आणि हेंडरसन ब्रुक्स व भगत या सेनाधिकाऱ्यांनी केलेल्या पराभवाच्या चौकशीनंतर २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत केलेले निवेदन. त्या चौकशीचा अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही, हे त्या फलकावर लिहिलेच पाहिजे.

आणखी एक विनंती. कोणतेही नाव घेतले तरी दोन समूह त्यातून सुटतात. तवांगचे मोनपा लोक, ज्यांच्या गावांत चिनी सैन्य महिनाभर होते. आणि चिनी वंशाचे भारतीय, ज्यांपैकी सुमारे ३,००० जणांना आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानातील देवली येथील छावणीत ठेवले गेले. त्यांत मुले आणि वृद्धही होते. तुमच्या अंकांत याची एखादी चार ओळींची बातमी असेलच. ती शोधून मोठी करून लावा.

जुनी_पाने

सर्वांचे आभार. मुख्य शीर्षक ‘१९६२ चे भारत-चीन युद्ध’ ठेवावे, पहिला फलक १९५७ चा असावा आणि दैनिकांचे मथळे मूळ शब्दांतच लावावेत, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवतो. ढोला चौकीच्या नकाशावर दोन्ही रेषा दाखवता येतील का?

पाणलोट

नकाशाबाबत जपून राहा. भारताची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी छापणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे नकाशावर सीमा अधिकृतच दाखवा, चौकीची जागा आणि ठागला कडा खुणेने दर्शवा, आणि १९१४ च्या रेघेचा फरक शेजारच्या मजकुरात दोन वाक्यांत स्पष्ट करा.