मदत हवी आहे: परदेशी उपकंपन्यांच्या ऑडिटचा दर्जा इथे बसून कसा जोखायचा?

नमस्कार मंडळी,

मी फोर्टमधल्या एका मध्यम सीए फर्ममध्ये आहे. एका लिस्टेड क्लायंटचं कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी आणि उपकंपन्यांचे एकत्रित हिशेब) यंदा माझ्या गळ्यात पडलंय. मुख्य कंपनी मुंबईची; उपकंपन्या ब्राझील, व्हिएतनाम आणि जर्मनीत. तिन्हीकडचे ऑडिटर स्थानिक, आमच्या ओळखीचं कुणी नाही.

आजवरची पद्धत अशी, की प्रश्नावली पाठवायची, ती ‘होय, होय, लागू नाही’ अशी भरून आली की फाईलला लावायची आणि रिपोर्टच्या ‘अदर मॅटर’ परिच्छेदात इतर ऑडिटरांवर विसंबल्याचं लिहायचं. दुसऱ्या ऑडिटरचं काम वापरण्याबद्दलच्या आपल्या जुन्या भारतीय मानकाला, एसए 600 ला, जबाबदारीची ही वाटणी चालते. तरी दुसरा ऑडिटर आयसीएआयचा (आपल्या सीए संस्थेचा) सभासद नसेल तर त्याची पात्रता बघा, असं त्यातही आहेच. आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसए 600 मध्ये, मात्र अख्खी जबाबदारी ग्रुप ऑडिटरची, म्हणजे मुख्य कंपनीच्या ऑडिटरची. ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरएने नोव्हेंबर 2024 मध्ये तसाच बदल सुचवला, आयसीएआयने विरोध केला. विरोधामागची, छोट्या फर्मची कामं जातील ही भीती मला पटते, पण त्या ‘होय, होय’वर सही करताना माझाही हात अडखळतो. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे फिलिपिन्समधल्या बँकांत आहेत म्हणून दाखवलेले 1.9 अब्ज युरो 2020 मध्ये नाहीतच असं निघालं, ते आठवतं.

जर्मनीची फाईल चोख आहे. व्हिएतनामची उलाढाल किरकोळ. खरी अडचण ब्राझीलची. आम्ही कळवलेली कॉम्पोनंट मटेरिअ‍ॅलिटी (उपकंपनीच्या हिशेबात किती रकमेपासूनची चूक महत्त्वाची धरायची ती मर्यादा) बाजूला ठेवून त्यांनी स्थानिक ऑडिटसाठी ठरवलेली, बरीच मोठी, रक्कमच वापरली. त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. एकत्रित हिशेबांच्या इंड एएस 110 या मानकाप्रमाणे तीन महिन्यांचा फरक चालतो, पण मधल्या मोठ्या व्यवहारांचं समायोजन करावं लागतं आणि जानेवारी ते मार्चचे आकडे कुणी तपासलेलेच नाहीत. वर्किंग पेपर (ऑडिटरने केलेल्या तपासणीच्या नोंदी) पोर्तुगीजमध्ये. कॉल लावायचा तर ते साडेआठ तास मागे. त्यांची सकाळ होते तेव्हा मी घरी जायची लोकल पकडत असते. निकाल जाहीर करायची सेबीची मुदत 30 मे, त्यामुळे पार्टनर म्हणतात, “आता नको उकरूस.”

कंपनी कायद्याच्या कलम 143(1) ने मुख्य कंपनीच्या ऑडिटरला उपकंपनीचे रेकॉर्ड बघायचा हक्क मिळतो. तिथल्या ऑडिटरच्या वर्किंग पेपरवर तो चालेल असं मला वाटत नाही. चूक असेल तर सांगा.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय: वेळ कमी असताना परदेशी ऑडिटरकडे नेमकं काय मागता? महसुलाची कट-ऑफ तपासणी (विक्री योग्य वर्षात धरली का ते) आणि बँकेची थेट आलेली कन्फर्मेशन्स एवढंच स्क्रीन शेअरवर बघितलं तर पुरेल का? मधल्या तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडूनच वेगळी प्रोसिजर करून घेता, की इथली टीम पाठवता? आणि त्याची फी क्लायंटकडून कशी मान्य करून घेता? आमच्याकडे गाडी तिथेच अडते.